जुना सिंथ सुरूच होत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मृगाचा पाऊस लागला की माझ्याकडे येणारे फोन वाढतात, आणि गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात तर थांबतच नाहीत. भजनी मंडळं, नमनवाले, ऑर्केस्ट्रावाले महिनोन् महिने माळ्यावर ठेवलेला सिंथ, म्हणजे सिंथेसायझर कीबोर्ड, खाली काढतात, वायर लावतात आणि तो ढिम्म हलत नाही. रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंतच्या लोकांनी पुन्हा पुन्हा पाठवलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

उघडण्याआधी एक गोष्ट आठवून कागदावर लिहा. हा सिंथ शेवटचा नीट चालला, त्यानंतर त्याला कुणाचा आणि कुठे हात लागला? सेल बदलला, डिस्प्ले बदलला, की नुसताच उघडून पुसला? अपग्रेड केलेल्या, म्हणजे जुने भाग काढून नवे बसवलेल्या यंत्रात दोष बहुतेक वेळा त्या हात लागलेल्या जागीच सापडतो. चाळीस वर्षं इमानाने चाललेल्या भागावर संशय शेवटी घ्यायचा.

१. "जुना सिंथ" म्हणजे नक्की कोणते? माझा घरगुती कॅसिओ यात येतो का?

साधारण १९८० ते २००० या काळातली, आतच पॉवर सप्लाय असलेली यंत्रं. यामाहा डीएक्स-७ (१९८३), रोलंड जूनो-१०६ (१९८४), रोलंड डी-५० (१९८७), कॉर्ग एम-१ (१९८८), कॉर्ग ०१/डब्ल्यू (१९९१), रोलंड एक्सपी-८० (१९९६) अशी. अ‍ॅडाप्टरवर चालणारा घरगुती कीबोर्ड असेल तर आधी अ‍ॅडाप्टरच तपासा. कॅसिओच्या जुन्या अ‍ॅडाप्टरची आतली पिन निगेटिव्ह असते, यामाहाची पॉझिटिव्ह. एकाचा दुसऱ्याला लावून बिघडलेले कीबोर्ड माझ्याकडे दरवर्षी येतात.

२. माझा सिंथ मी जुनाच विकत घेतला. तो अपग्रेड केलेला आहे की नाही, हे कसं ओळखू?

बाहेरून दिसणाऱ्या खुणा दोन. एक, डिस्प्ले निळा किंवा पांढरा झळाळत असेल तर तो बहुधा बदललेला आहे. डीएक्स-७ च्या मूळ डिस्प्लेमागे तर दिवाच नव्हता. दुसरी, फ्लॉपीच्या जागी यूएसबीचं तोंड. बाकीचं आत बघावं लागतं: सोल्डर केलेल्या सेलच्या जागी होल्डर, एप्रॉमवर (यंत्राचा प्रोग्राम साठवलेली चिप) हाताने लिहिलेली चिकटपट्टी, आणि जड ट्रान्सफॉर्मरच्या जागी हलका एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय). स्क्रूंची डोकी झिजलेली असतील तर कुणीतरी आत गेलेलं आहे, एवढं नक्की. उघडाल तेव्हा आधी मोबाइलवर फोटो काढा, मग हात लावा.

३. बटण दाबलं तर काहीच होत नाही. दिवा नाही, डिस्प्ले नाही. सुरुवात कुठून करू?

भिंतीपासून. त्याच प्लगमध्ये दुसरं काहीतरी लावून बघा. मग पॉवर कॉर्ड बदलून बघा. आठच्या आकाराच्या किंवा तीन पिनांच्या कॉर्ड आतून तुटतात आणि बाहेरून धडधाकट दिसतात. मग फ्यूज. काचेचा फ्यूज डोळ्यांनी बघून ठरवू नका, मल्टिमीटरने कंटिन्युइटी घ्या, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जोड अखंड आहे का ते बघा. तार शाबूत दिसते आणि टोपीतला सोल्डर मात्र सुटलेला असतो, असं मी अनेकदा पाहिलं आहे.

फ्यूजच्या होल्डरमध्येही डोकवा. मागे एका डीएक्स-७ मध्ये फ्यूज चांगला होता, पण होल्डरच्या तोंडाशी तांबड्या मुंग्यांनी आपली माती नेऊन बसवली होती. टोकदार काडीने ती काढली आणि यंत्र सुरू झालं. आपल्याकडे मुंग्या, झुरळं आणि पालीची अंडी ही तपासणीची नेहमीची बाब आहे.

इथपर्यंत सगळं बरोबर असेल तर सिरीज बोर्ड वापरा. वायरमन लोकांकडे असतो तोच: फेजमध्ये ६० वॅटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये. सिंथ त्यातून चालू करा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर आत शॉर्ट नाही. पूर्ण उजेडाने जळत राहिला तर आत शॉर्ट आहे, तिथेच थांबा. बल्ब अजिबात पेटला नाही तर करंट आत जातच नाही: स्विच, फ्यूज किंवा ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी (भिंतीकडची वीज घेणारी गुंडाळी) तुटलेली आहे. एसएमपीएस बसवलेला असेल तर ही चाचणी फसवते, त्यासाठी प्रश्न १५ पाहा.

४. फ्यूज परत परत उडतो. जाड तार गुंडाळली तर चालेल ना?

नाही. कृपा करून हे करू नका. फ्यूज वाचवत असतो तो ट्रान्सफॉर्मर, आणि या यंत्रांचा ट्रान्सफॉर्मर आज बाजारात मिळत नाही. फ्यूजवर "टी" अक्षर असेल तर तो सावकाश उडणारा आहे. ट्रान्सफॉर्मर चालू होताना क्षणभर जास्त करंट ओढतो, तेवढा तो सोसतो. त्या जागी "एफ" म्हणजे झटकन उडणारा बसवला तर काही दोष नसतानाही फ्यूज जातो. तेव्हा आधी अक्षर आणि अँपिअर जुळवा. तरीही उडत असेल तर शॉर्ट खरा आहे: बहुधा ब्रिजमधला (एसीचं डीसी करणाऱ्या जोडणीतला) डायोड किंवा मुख्य फिल्टरचा कंडेन्सर.

५. मामा जहाजावर होते, त्यांनी जपानहून आणलेला आहे. इथे लावला आणि एकदाच "भप्" असा आवाज आला.

जपानमध्ये घरगुती वीज १०० व्होल्टची, अमेरिकेत १२०, आपल्याकडे २३०. मागच्या पत्र्यावर व्होल्टेज छापलेलं असतं. काही यंत्रांना मागे व्होल्टेज निवडायचा स्विच असतो, पण पुष्कळांना नसतो. १०० च्या ट्रान्सफॉर्मरला २३० दिले की नशीब चांगलं असेल तर फक्त फ्यूज जातो. नाहीतर प्रायमरी जळते आणि वार्निश जळाल्याचा उग्र वास येतो. काही ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीतच थर्मल फ्यूज दडलेला असतो. तो गेला असेल तर जाणता वाइंडिंगवाला बदलून देऊ शकतो.

यंत्र वाचलं असेल तर २३० चे १०० करणारा स्टेप-डाऊन घ्या. दुकानात सहज मिळतो तो ११० चा. त्यावर यंत्र चालतं, पण रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारे भाग) नेहमीपेक्षा गरम होतात आणि आपल्या मे महिन्यात ते सोसत नाहीत. हर्ट्झची चिंता जपानी यंत्राला करू नका, जपानच्या पूर्व भागात वीज ५० हर्ट्झचीच आहे.

६. मीटर आहे माझ्याकडे. कुठे लावू आणि किती व्होल्ट यायला हवेत?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, म्हणून सविस्तर सांगतो. पॉवर सप्लायच्या प्रायमरी बाजूला, म्हणजे फ्यूज, स्विच आणि ट्रान्सफॉर्मरच्या आत येणाऱ्या तारांना, चालू असताना हात लावायचा नाही. एक हात खिशात ठेवून मोजायची सवय लावा.

मीटर डीसीवर ठेवा आणि व्होल्टेज पॉवर सप्लायवर न मोजता थेट एप्रॉमवर मोजा. २८ पायांच्या एप्रॉमचा पाय १४ ग्राउंड असतो आणि पाय २८ वर +५ व्होल्ट. खाच वर धरली की डावीकडे वरून खाली १ ते १४, आणि उजवीकडे खालून वर १५ ते २८. इथे ४.७५ ते ५.२५ च्या दरम्यान आकडा हवा. ४.६ आला तर प्रोसेसर कधी सुरू होईल, कधी नाही, आणि तुम्ही महिनाभर भलतंच काहीतरी शोधत बसाल.

मग तेच पॉवर सप्लायच्या कनेक्टरवर मोजा. कणकवलीकडून आलेल्या एका सिंथमध्ये सप्लायवर ५.०६ होते आणि एप्रॉमवर ४.६१. मधले ०.४५ व्होल्ट एका काळ्या पडलेल्या कनेक्टरच्या पिनेत अडकले होते. पितळेच्या भांड्याला कळंक चढतो तसा त्या पिनेवर चढला होता. आधीच्या माणसाने रेग्युलेटर दोनदा बदलला होता आणि बिचाऱ्या कनेक्टरकडे कुणी बघितलंच नव्हतं.

डीसी बरोबर असला तरी त्यावरची लहर बघायला हवी. एसी मिलिव्होल्टची रेंज असलेला मीटर घ्या आणि त्याच दोन पायांवर ठेवा. काही मोजके मिलिव्होल्ट चालतात. शंभरच्या घरात गेले तर फिल्टर कंडेन्सर सुकलेला आहे. अगदी स्वस्तातला पिवळा मीटर यासाठी वापरू नका. त्यातले काही एसीवर ठेवून डीसी मोजला तर अकराच्या आसपास खोटाच आकडा दाखवतात.

+५ खेरीज बहुतेक यंत्रांत आवाजाच्या भागासाठी + आणि − असे आणखी दोन व्होल्टेज असतात, डीएक्स-७ मध्ये +१५ आणि −१५. ते नसले तर यंत्र सुरू होतं पण वाजत नाही.

७. नवीन डिस्प्ले बसवला. आता वरच्या ओळीत नुसते काळे चौकोन दिसतात, पुढे काहीच नाही.

ही खूण फार बोलकी आहे. डिस्प्लेला वीज मिळते आहे, पण "मी सुरू झालो" असं त्याला प्रोसेसरने अजून सांगितलेलं नाही, असा त्याचा अर्थ. दोन शक्यता: डिस्प्लेच्या रिबनमध्ये (तारांच्या चपट्या पट्टीत) दोष, किंवा प्रोसेसरच अडकलेला.

निवाडा सोपा आहे. डिस्प्लेकडे न बघता पट्ट्या दाबा, आवाज बदलायची बटणं दाबा. वाजत असेल, बटणांचे दिवे बदलत असतील तर प्रोसेसर ठीक आहे. रिबन उलटी बसली आहे किंवा एक तार तुटली आहे. सगळंच निपचित असेल तर आधी प्रश्न ६ मधली मोजमापं घ्या, आणि ती बरोबर असतील तर एप्रॉमकडे वळा.

एप्रॉम बदललेला असेल तर तीन गोष्टी बघा. पहिली, खाच बरोबर दिशेला आहे का. उलटा बसवून वीज दिलेला एप्रॉम बहुधा गेलेलाच असतो. दुसरी, एखादा पाय सॉकेटमध्ये न जाता खाली दुमडला आहे का. वरून अठ्ठावीसच्या अठ्ठावीस पाय दिसतात, पण एक पोटाखाली घडी होऊन बसलेला असतो. बाजूने टॉर्च मारून, डोळा बोर्डाच्या पातळीला आणून बघा.

तिसरी गोष्ट भल्याभल्यांना चकवते. मूळ चिप २७१२८ असते, ती मिळत नाही म्हणून लोक दुप्पट मोठी २७२५६ घेतात आणि प्रोग्राम तिच्या सुरुवातीला भरतात. २७१२८ चा पाय २७ हा प्रोग्राम भरण्यासाठीचा, बोर्डावर तो +५ ला बांधलेला असतो. २७२५६ मध्ये तोच पाय सगळ्यात वरची अ‍ॅड्रेस लाइन (चिपमधली वाचायची जागा ठरवणारी तार) आहे. तो कायम वर बांधलेला म्हणजे यंत्र चिपचा फक्त वरचा अर्धा भाग वाचतं, आणि तुमचा प्रोग्राम खालच्या अर्ध्यात. चिप चांगली, प्रोग्राम चांगला, तरी काळे चौकोन. उपाय एवढाच की दोन्ही अर्ध्या भागांत तोच प्रोग्राम भरायचा.

आणि एप्रॉमच्या काचेच्या खिडकीवर काळी पट्टी चिकटवलेली राहू द्या. उन्हातल्या अतिनील किरणांनी त्यातली माहिती पुसली जाते.

८. डिस्प्लेचा उजेड येतो पण अक्षरं दिसत नाहीत. सिंथ मात्र वाजतो.

कॉन्ट्रास्ट. नवीन डिस्प्लेला मूळपेक्षा वेगळं व्होल्टेज लागतं. कॉन्ट्रास्टचा प्रिसेट (बोर्डावरचा छोटा फिरवायचा स्क्रू) अगदी सावकाश फिरवा, अक्षरं उमटण्याची जागा फार लहान असते. कॉन्ट्रास्ट जमला आणि तरी यंत्र मधूनच अडखळू लागलं तर बॅकलाइट किती करंट खातो ते मोजा. जुन्या धाटणीचे काही बॅकलाइट शंभर मिलिअँपच्या वर जातात आणि आधीच काठावर असलेला +५ खाली ओढतात.

९. आतला सेल बदलला आणि सगळे आवाज गेले. आता विचित्र अक्षरं येतात. मी सिंथ मारला का?

नाही, घाबरू नका. आवाज ज्या रॅममध्ये होते ती सेलवर जिवंत असते. सेल काढला की ती रिकामी होते आणि त्यात कचरा उमटतो. डीएक्स-७ मध्ये अशा वेळी आवाजांच्या नावांत काहीबाही चिन्हं येतात आणि पट्टी दाबली तरी काही वाजत नाही. बिघाड नाही, फक्त आवाज परत भरायचे आहेत.

डीएक्स-७ चे ३२ आवाज म्हणजे ४१०४ बाइटची एकच फाइल. मिडी केबलमधून (वाद्यं एकमेकांना जोडणारी केबल) ती दीड सेकंदाच्या आत जाते. पण आधी मेमरी प्रोटेक्ट (मेमरीचं कुलूप) काढावा लागतो आणि फंक्शनमधल्या ८ व्या बटणाखाली "सिस इन्फो" हे "अव्हेल" (उपलब्ध) करावं लागतं. फाइल पाठवूनही काही होत नाही असं जे सांगतात, त्यांचं बहुतेक वेळा यातलं एक राहिलेलं असतं.

पुढच्या वेळी सेल संपण्याआधी बदला. डीएक्स-७ मध्ये फंक्शन दाबून १४ दाबलं की सेलचं व्होल्टेज दिसतं. डी-५० आणि एम-१ चालू करताना स्वतःच सेलचा इशारा देतात. मी सेल २.५ व्होल्टच्या खाली गेला की बदलतो. अर्धमेला सेल रॅममध्ये अर्धवट माहिती ठेवतो आणि काही यंत्रं ती वाचताना सुरुवातीलाच लटकतात. म्हणजे सेल संपत आल्यावर "सुरूच होत नाही" ही तक्रारसुद्धा येऊ शकते.

सेल बदलताना तीन पथ्यं आहेत. सीआर-२०३२ ला (नाण्यासारखा लिथियम सेल) थेट सोल्डर लावू नका, तो तापून फुटू शकतो. होल्डर रिकामा असताना सोल्डर करा आणि सेल शेवटी सरकवा. सेलजवळचा डायोड काढू नका, तो सेलमध्ये उलटा करंट जाऊ देत नाही. आणि मूळ जागी रिचार्ज होणारी निकेल-कॅडमियम बॅटरी असेल, जशी कॉर्ग पॉलीसिक्स (१९८१) मध्ये असते, तर चार्जिंगचा रस्ता तोडल्याशिवाय तिथे लिथियम सेल कधीही बसवू नका. त्या जुन्या बॅटऱ्या गळतात आणि बोर्डावरचे ट्रॅक खातात. हिरवट-पांढरा थर दिसला तर बॅटरी काढा, पांढऱ्या व्हिनेगरने पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने, आणि एकेक ट्रॅक मीटरने तपासा.

१०. पहिल्यांदा चालू केला की लटकतो. लगेच बंद करून परत चालू केला की मस्त चालतो. असंच वापरू का?

वापरू नका, हा आजार वाढत जातो. चालू होताना +५ स्थिर होईपर्यंत प्रोसेसरला काही मिलिसेकंद रिसेटमध्ये धरून ठेवावं लागतं. मुख्य कंडेन्सर सुकला की +५ रेंगाळत चढतो, आणि रिसेट मात्र आपल्या वेळेला सुटतो. प्रोसेसर अर्धपोटी जागा होतो आणि भरकटतो. दुसऱ्यांदा चालू करताना कंडेन्सर थोडा भरलेला आणि थोडा उबदार असतो, म्हणून जमून जातं.

खात्री करायची असेल तर सिंथ रात्रभर बंद ठेवा. सकाळी चालू करण्याआधी पॉवर सप्लायच्या कंडेन्सरवर हेअर ड्रायरची कोमट हवा दोन मिनिटं सोडा. पहिल्याच झटक्यात सुरू झाला तर दोषी सापडला. दुसऱ्या दिवशी तेच रिसेटच्या छोट्या कंडेन्सरवर करून बघा. बदलताना १०५ अंशांचा घ्या, मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्टची मर्यादा तेवढी किंवा जास्त, आणि निगेटिव्हची पट्टी नीट बघून.

नुकताच एसएमपीएस बसवला असेल आणि त्यानंतर हे सुरू झालं असेल तर कंडेन्सरच्या मागे लागू नका, प्रश्न १५ वाचा.

११. पाऊस लागला की बंद. दिवाळीनंतर आपोआप चालू. कुणाकडे दाखवला तर म्हणतात, काहीच झालेलं नाही.

त्यांनी तो कोरड्या दिवसांत पाहिला असेल. तुमच्या सिंथमध्ये पायाखाली गंज असलेली आयसी (चिप) आहे किंवा सैल सॉकेट आहे. अपग्रेडमध्ये घातलेली स्वस्त सॉकेटं इथे हमखास दगा देतात. खाऱ्या हवेत पत्र्याची पातळ जीभ सहज काळी पडते. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर घर असेल तर हा दोष आज ना उद्या येणारच.

वीज काढा, अंगावरची स्थिर वीज घालवायला उघड्या धातूला हात लावा, आणि सॉकेटमधली प्रत्येक आयसी अर्धी उचलून परत दाबा. एवढ्यानेच सुरू झाला तर ती सॉकेटं बदलून गोल, खरादलेल्या पिनांची बसवा. रिबनची टोकं ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिलने पुसा. पेट्रोल, रॉकेल, गंजाचा स्प्रे यांपैकी काहीही नको. स्प्रेचा तेलकट थर धूळ धरतो आणि पुढच्या मृगात दुप्पट त्रास देतो.

तांदळाच्या डब्यात ठेवण्याबद्दल पुष्कळ जण विचारतात. तांदळाचा कोंडा पट्ट्यांखाली जातो आणि ओल फारशी निघत नाही. त्यापेक्षा कव्हरमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास सिंथ चालू ठेवा. आतल्या उबेइतका चांगला उपाय नाही. माळ्यावर कौलांखाली मात्र ठेवू नका. तिथे दिवसा तापतं, रात्री दव धरतं.

१२. फ्लॉपी काढून यूएसबीचा इम्युलेटर बसवला, तेव्हापासून सुरू होताना तिथेच अडकतो.

इम्युलेटरचा (फ्लॉपी ड्राइव्हची नक्कल करून पेनड्राइव्ह वाचणाऱ्या यंत्राचा) दिवा सतत पेटलेला असेल तर ३४ तारांची रिबन उलटी आहे. लाल कडेची तार दोन्हीकडे पिन १ वर हवी. वीज जोडताना तारेच्या रंगावर विसंबू नका, कीबोर्डवाल्यांनी रंग आपापल्या मनाने वापरले आहेत. मीटरने +५ शोधा, मगच जोडा. जोडणी बरोबर असेल तर सेटिंग बघा: जुन्या यंत्रांना शुगार्ट पद्धतीचे (फ्लॉपी ड्राइव्हच्या जोडणीची जुनी पद्धत) संकेत लागतात, तर इम्युलेटर बहुधा पीसीच्या पद्धतीवर येतो. पेनड्राइव्ह फॅट-३२ मध्ये फॉरमॅट केलेला हवा. अजूनही शंका असेल तर इम्युलेटर पूर्ण काढून चालू करून बघा. नुसता सिंथ सुरू झाला तर बाकीचं यंत्र निर्दोष आहे.

१३. सुरू होतो, पण डिस्प्लेवर भलतंच काहीतरी येतं आणि नेहमीचे आवाज निवडता येत नाहीत.

तो टेस्ट मोडमध्ये गेलेला असू शकतो. जूनो-१०६ चालू करताना की ट्रान्सपोज दाबून धरलं की टेस्ट मोड लागतो. मुद्दाम कुणी दाबत नाही, पण दमट हवेत बटण आत चिकटून राहतं आणि यंत्राला वाटतं की तुम्हीच दाबलं आहे. बटण मोकळं करा, पुसा, परत चालू करा. नवीन बटणं बसवली असतील तर एखादं पॅनेलच्या भोकाच्या कडेला टेकून कायम दबलेलं राहतं, तेही बघा.

१४. सुरू होतो, पण दर सहावा सूर मुका. हाही सुरू होण्यातलाच दोष का?

नाही. जूनो-१०६ मध्ये सहा आवाज (एका वेळी वाजू शकणारे सूर) आणि प्रत्येकाची एक ८००१७ए चिप. त्या चिपवरचा राळेचा लेप वयाबरोबर करंट वाहू देतो आणि तो आवाज जातो. टेस्ट मोडमध्ये (प्रश्न १३) एकेक आवाज वेगळा ऐकून कुठला गेला ते कळतं. शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये लेप विरघळवतात किंवा नवीन बनावटीची चिप बसवतात. मी नवीन बसवणं पसंत करतो.

१५. ट्रान्सफॉर्मर जळाला म्हणून एसएमपीएस बसवून घेतला. कधी चालू होतो, कधी नुसता "टिक टिक" करतो.

टिकटिक म्हणजे एसएमपीएस सुरू व्हायला बघतो आहे आणि संरक्षणात जाऊन परत बंद पडतो आहे. एकतर पुढे शॉर्ट आहे, नाहीतर सुरुवातीला लागणारा करंट त्याला झेपत नाही. सिंथच्या बोर्डावर मोठे कंडेन्सर असतात आणि ते पहिल्या क्षणी खूप ओढतात. याच्या उलटही होतं: काही एसएमपीएसना किमान लोड लागतो आणि −१५ च्या बाजूला सिंथ इतकं थोडं ओढतो की ते व्होल्टेज भरकटतं.

सिंथपासून सोडवून, प्रत्येक व्होल्टेजवर योग्य रेझिस्टरचा लोड लावून एसएमपीएस एकटा तपासा. सिरीज बोर्डवर त्याची परीक्षा घेऊ नका. बल्बमुळे व्होल्टेज पडलं की चांगला एसएमपीएसही टिकटिकतो. +५ आणि ±१५ यांची ग्राउंड मूळ पॉवर सप्लायमध्ये जिथे एकत्र होती तिथेच एकत्र करा, नाहीतर सुरू झाला तरी आवाजात गुणगुण येईल. माझं मत विचाराल तर ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळून घ्या. कोल्हापूर-मुंबईकडे चांगले वाइंडिंगवाले आहेत, आणि आपल्या कमी-जास्त विजेत लोखंडाचा ट्रान्सफॉर्मर जास्त टिकतो.

१६. सुरू झाला, पण पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात.

एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रलपासून बॉडीकडे जाणारे छोटे कंडेन्सर असतात. अर्थिंग नसेल तर त्यांच्यामुळे पत्र्यावर साधारण ११५ व्होल्ट दिसतात. करंट अगदी कमी, पण टेस्टर पेटतो आणि बोटांना जाणवतं. चांगलं अर्थिंग जोडलं की ते जातं. पण अर्थिंग जोडल्यावर घरातला आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पडू लागला तर गळती खरी आहे, तेव्हा सिंथ वापरू नका.

आपल्याकडे जांभ्याच्या कातळावर घरं आहेत आणि अर्थिंगचा खड्डा एप्रिल-मेमध्ये ठणठणीत कोरडा पडतो. तिसरी पिन आहे म्हणून अर्थिंग आहे असं समजू नका. उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालत जा, आणि ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून वाजवू नका.

१७. पुरात बुडालेला होता. आता वाळला आहे. चालू करून बघू का?

अजून नको. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरानंतर माझ्याकडे गोणत्यात भरून आणलेले कीबोर्ड आले. वाचले ते वीज न दिलेले. "एकदा बघू तरी" म्हणून चालू केलेल्यांच्या बोर्डावर गाळातून करंट गेला होता आणि ट्रॅक काळे पडले होते.

सगळ्यात आधी सेल काढा, कारण प्लग काढलेला असला तरी सेलचा करंट ओल्या बोर्डावर गंज चढवत राहतो. मग गाळ पूर्ण सुकण्याआधी बोर्ड सोडवून स्वच्छ पाण्याने मऊ ब्रशने धुवा, शेवटचं पाणी डिस्टिल्ड घ्या, वर आयसोप्रोपिल. खाडीचं पाणी शिरलं असेल तर दोनदा धुवा, मीठ एकदा धुऊन जात नाही. सावलीत पंख्याखाली आठवडाभर ठेवा. स्लायडर, डिस्प्ले आणि पट्ट्यांखालचे रबर बहुधा बदलावे लागतात. ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीत शिरलेलं पाणी सगळ्यात उशिरा निघतं, म्हणून त्याचं इन्सुलेशन मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) तपासल्याशिवाय वीज देऊ नका. मगच सिरीज बोर्डवर, प्रश्न ३ प्रमाणे.

१८. घरी चालतो, तुमच्याकडे चालतो, फक्त गणपतीच्या मांडवातच सुरू होत नाही. काय समजायचं?

व्होल्टेज समजायचं. मांडवात एकाच लांबलचक बारीक वायरवर हॅलोजन, अ‍ॅम्प्लिफायर, पंखे आणि रोषणाईच्या माळा असतात. संध्याकाळी सगळं पेटलं की शेवटच्या बोर्डावर १७० व्होल्टसुद्धा मिळतात.

हिशेब करून बघा. ट्रान्सफॉर्मर २३० वर ९ व्होल्ट एसी देत असेल तर १७० वर देतो ६.६५. त्याचं शिखर ९.४, ब्रिजमध्ये १.४ जातात, राहिले ८. फिल्टरची लहर दीड व्होल्ट धरली तर तळ साडेसहाला येतो, आणि +५ देणाऱ्या ७८०५ रेग्युलेटरला किमान ७ च्या आसपास लागतात. म्हणजे सेकंदाला शंभर वेळा +५ डुबकी मारतो. घरी २३० वर हाच सिंथ निर्दोष. नवीन मोठा बॅकलाइट बसवला असेल (प्रश्न ८) तर काठ आणखी जवळ येतो, म्हणून "अपग्रेडच्या आधी मांडवात चालायचा" ही तक्रार खोटी नसते.

सिंथसाठी विजेच्या मीटरपासून वेगळी, अडीच चौरस मिलिमीटरची वायर ओढा किंवा स्टॅबिलायझर लावा. जनरेटर असेल तर आधी तो सुरू करा, दिवे आणि अ‍ॅम्प्लिफायर लागू द्या, जनरेटरचा आवाज स्थिरावला की शेवटी सिंथ. बंद करताना सिंथ पहिला. आणि मला फोन करण्याआधी, आरतीच्या वेळी सगळे दिवे लागलेले असताना सिंथच्याच बोर्डावर व्होल्टेज मोजून तो आकडा लिहून ठेवा. दुपारी रिकाम्या मांडवात मोजलेला आकडा उपयोगाचा नाही.